स्टेम्स द्या, पण सेशन देऊ नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की तुमचं एक स्वतंत्र गाणं (बाईचा आवाज, बासरी, अकूस्टिक गिटार, ढोलकी-तबला, बेस, पॅड म्हणजे मागे पसरून वाजणारा सिंथचा सूर, आणि थोडी स्ट्रिंग्ज) एका हिंदी वेब सिरीजच्या सीनसाठी घेतायत, रक्कम ठरली, आणि आता त्यांच्या म्युझिक सुपरवायझरने (सिरीजसाठी गाणी मिळवणारा माणूस) स्टेम्स, म्हणजे मिक्समधले वाद्यांचे गट वेगळे छापून, मागितलेत. मित्र म्हणतोय देऊ नको, गाणं फोडून वापरतील. द्यायचे का, द्यायचे तर कसे, वेगळे पैसे मागायचे का, आणि गाणं तीन वर्षांपूर्वीचं असल्यामुळे जुनं सेशन (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधली गाण्याची मूळ प्रोजेक्ट फाइल) उघडताना चार प्लगइन (आवाज बनवणारी किंवा बदलणारी जोड-सॉफ्टवेअरं) सापडत नाहीयेत त्याचं काय करायचं.

मी बावीस वर्षं मुंबईत मिक्सिंग करतोय, त्यातली शेवटची बारा-तेरा वर्षं जवळपास सगळी फिल्म आणि सिरीजच्या म्युझिक मिक्समधे गेली, म्हणजे तुमच्यासारख्या संगीतकारांकडून स्टेम्स मागणारा माणूसही मीच असतो आणि माझ्या स्वतःच्या क्लायंटचे स्टेम्स बनवून पाठवणाराही मीच. दोन्ही बाजूंनी बघितलंय म्हणून सरळ सांगतो, स्टेम्स द्या. नीट बनवून द्या, आणि कशासाठी दिलेत ते कागदावर लिहून द्या. जे द्यायचं नाही ते म्हणजे तुमचं सेशन आणि सुटे सुटे मल्टिट्रॅक. या दोन गोष्टींमधे फार लोक गोंधळ करतात आणि तुमच्या मित्राची भीती बरीचशी त्या गोंधळातूनच आलीये असं मला वाटतं.

मल्टिट्रॅक म्हणजे तुम्ही रेकॉर्ड केलेली प्रत्येक चीज सुटी. ढोलकीला दोन माइक लावले असतील तर दोन्ही वेगळे, गाण्याचे सहा टेक असतील तर सहाही, गिटारचा उजवा-डावा, सगळं कच्चं. स्टेम म्हणजे तुमचं मिक्स झालेलं असतं आणि त्यातले वाद्यांचे गट फक्त वेगळे छापलेले असतात, तुमच्याच लेव्हलला, तुमच्याच इक्यू (जाड-बारीक पट्ट्यांची कमी-जास्त) आणि रिव्हर्बसकट (घुमण्याचा परिणाम). सगळे स्टेम्स एकत्र लावून फेडर (लेव्हल कमी-जास्त करायच्या पट्ट्या) शून्यावर ठेवले की तुमचं मूळ मिक्स जसंच्या तसं वाजायला पाहिजे, हीच स्टेमची खरी कसोटी. म्हणजे स्टेम्स देताना तुम्ही तुमचं मिक्स कुणाच्या हातात सोपवत नाही, ते मिक्स तुमचंच राहतं, समोरच्याला फक्त त्यातले पाच-सात फेडर मिळतात. (आणि डीजे लोक वापरतात तो २०१५ पासूनचा स्टेम नावाचा एक फाइल फॉरमॅट आहे, एकाच एमपीफोर फाइलमधे चार भाग असतात, तो इथे कुणी मागत नाहीये. मला एकदोघांनी तेच पाठवलेलं म्हणून सांगितलं.)

आता हे फेडर त्यांना लागतात कशाला हे एकदा समजलं ना की बाकीचे निर्णय तुम्हाला स्वतःलाच घेता येतील.

सिरीजचं फायनल मिक्स करणारा रिरेकॉर्डिंग मिक्सर असतो, त्याच्यासमोर तीन ढीग असतात, डायलॉग, म्युझिक आणि इफेक्ट्स. त्यात राजा डायलॉग. मोठ्या ओटीटीच्या डिलिव्हरीचं मापसुद्धा डायलॉगवरच असतं, नेटफ्लिक्सचं उदाहरण घ्या, डायलॉगची सरासरी −२७ एलकेएफएस (आवाजाच्या मोठेपणाचं माप), दोन युनिट इकडे-तिकडे चालतं, आणि पीक −२ डीबीच्या वर नाही. म्हणजे तुमचं गाणं स्ट्रीमिंगसाठी −९ किंवा −१० पर्यंत दाबून मास्टर केलेलं असलं तरी इथे ते डायलॉगच्या खाली म्हणजे त्याहून कितीतरी खाली बसणार आहे. आता खाली बसवायचं म्हणजे नुसता आवाज कमी केला की झालं असं नाही. माणसाच्या बोलण्यातली अक्षरं कळतात ती बरीचशी दोन ते चार किलोहर्ट्झच्या आसपास, क, च, ट यांसारख्या व्यंजनांचा बराच भाग तिथेच असतो, आणि नेमकी तिथेच तुमच्या गायिकेच्या आवाजाची धार आहे, बासरीची फुंक आहे, गिटारच्या तारेचा टणका आहे, तबल्याची चाट आहे. सारंगी, हार्मोनियम, व्हायोलिन ही वाद्यं तर अख्खी बोलण्याच्या पट्ट्यातच राहतात. मग हातात फक्त पूर्ण मिक्स असलं की मिक्सर काय करतो, एक तर गाणं इतकं खाली नेतो की ऐकूच येत नाही, नाहीतर दोन-तीन किलोहर्ट्झला इक्यूने खड्डा मारतो. खड्डा मारला की बासरीबरोबर ढोलकी पण मेली, गिटार पण गेली, सगळं गोधडीखाली वाजल्यासारखं. स्टेम्स असले तर तो फक्त बासरी चार डीबी खाली घेईल, तेवढ्या दोन वाक्यांपुरती, आणि वाक्य संपलं की परत वर. प्रेक्षकाला कळतही नाही काही झालंय ते, आणि गाणं जिवंत राहतं.

शब्दांचं तर अजूनच अवघड. पात्रं बोलतायत आणि मागे तुमची गायिका पण शब्द म्हणतेय म्हटल्यावर कान कुठल्या शब्दांमागे जाणार? हिंदी डायलॉगमागे मराठी शब्द असले तरी हेच होतं, कान ओढला जातोच. अशा वेळी मिक्सरला मुख्य आवाज काढून खालची वाद्यं चालू ठेवायची असतात आणि पात्र गप्प झालं की मुखडा परत उघडायचा असतो. माझ्या अनुभवात ज्या सीनमधे गाणं खरंच लक्षात राहिलं त्यातले बहुतेक असेच बनलेले आहेत, गाण्याला बोलण्याच्या मधल्या फटी मिळाल्या म्हणून.

एडिटची गोष्ट वेगळी. तुमचं गाणं ज्या सीनला लावलंय तो अजून लॉक (म्हणजे अंतिम) नसणार, लॉक म्हणाले तरी नसणार, शेवटच्या आठवड्यात बारा सेकंद वाढतील नाहीतर नऊ कमी होतील. पूर्ण मिक्स कापायचं तर गायिकेची तान मधेच तुटते, रिव्हर्बची शेपूट तुटते. स्टेम्स असले की म्युझिक एडिटर नुसता पॅड लांबवतो, गिटारचं एक आवर्तन परत लावतो आणि ढोलकी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आत आणतो. इथे एक विनंती आहे जी मी प्रत्येकाला करतो, सम कुठे आहे ते लिहून द्या. एडिटर उत्तम असला तरी त्याला केरवा आणि दादरा वेगळा ओळखता येईलच असं नाही, आणि ढोलकीवाल्याने उठावात आड (तालाच्या आडवी लय) मारली असेल तर चांगले चांगले लोक चुकीच्या मात्रेवर कात्री लावतात. एका कागदावर बीपीएम (मिनिटाला किती ठोके), ताल, पहिली सम किती सेकंदाला, गाणं कुठल्या पट्टीत आहे एवढं असलं तरी खूप काम होतं. क्लिकवर (मेट्रोनोमच्या ठोक्यावर) वाजवलेलं नसेल तर तसं स्पष्ट लिहा, नाहीतर ते बिचारे ग्रिडवर बसवत बसतात.

मग चहूबाजूंच्या स्पीकरचं मिक्स, ५.१ किंवा अ‍ॅटमॉस. स्टिरिओ मिक्स समोरच्या दोन स्पीकरना चिकटून बसतं, स्टेम्स असले की गायिकेचा आवाज पुढे ठेवून स्ट्रिंग्ज आणि पॅड मागे पसरवता येतात. आणि डबिंग. सिरीज तमिळ, तेलुगूत डब होणार असेल तर डायलॉग सोडून बाकी सगळ्याचा एक वेगळा ट्रॅक द्यावा लागतो, त्याला एम अँड ई म्हणतात, म्युझिक अँड इफेक्ट्स. पार्श्वभूमीला वाजणारं गाणं सहसा त्यात शब्दांसकट तसंच राहतं, पण पात्र पडद्यावर ते गुणगुणत असेल किंवा त्या भाषेत गाणं बदलायचं ठरलं तर आवाजाशिवायचं व्हर्जन लागणारच. ते तेव्हा मागितलं जातं जेव्हा तुम्ही भलत्याच कामात असता, म्हणून आत्ताच देऊन टाका.

तर तुमच्या गाण्याचे मी किती स्टेम्स करीन? सात. मुख्य आवाज एक, कोरस किंवा हार्मनीचे आवाज दोन, बासरी तीन, गिटार चार, ढोलकी-तबला मिळून पाच, बेस सहा, पॅड आणि स्ट्रिंग्ज सात. ढोलकी आणि तबला वेगळे करायचा मोह होईल पण गरज नाही, रिदम एका हातात असलेला बरा. बासरी मात्र गिटारबरोबर घालू नका, कारण वर सांगितलं तसं डायलॉगशी भांडण तिचंच होणार आहे. मुख्य सूर वाजवणारं जे काही वाद्य असेल ते नेहमी एकटं ठेवा. चारच्या खाली गेलात तर मिक्सरला काही करता येत नाही आणि दहा-बाराच्या वर गेलात की तुमचं मिक्स परत विस्कटायला आमंत्रण दिल्यासारखं होतं, म्हणजे मग ते स्टेम्स न राहता मल्टिट्रॅकच झाले.

स्टेम्ससोबत पूर्ण मिक्स दोन प्रकारचं द्या, एक मास्टर केलेलं (ऐकायला, संदर्भासाठी) आणि एक लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर दाबून अडवणारं साधन) काढलेलं. आणि आवाज वगळून पूर्ण वाद्यमेळ, म्हणजे इन्स्ट्रुमेंटल, ही वेगळी फाइल करून द्याच. स्टेम्समधून ती बनवता येते हे खरं, पण एडिटरला सीनवर गाणं टाकून बघायला एक तयार फाइल लागते, सात फाइली उघडायला त्याला वेळ नसतो, आणि प्रोमोवाल्यांना तर नाहीच नाही.

बनवताना चुका कुठे होतात ते जरा सविस्तर सांगतो कारण अर्ध्याहून जास्त स्टेम्स माझ्याकडे खराबच येतात.

सगळ्यात मोठी चूक मास्टर बसवरच्या, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र होऊन बाहेर पडतात त्या शेवटच्या चॅनलवरच्या लिमिटरची. तुम्ही पूर्ण गाणं वाजवता तेव्हा लिमिटर आणि बस कॉम्प्रेसर (लहान-मोठ्या आवाजातलं अंतर कमी करणारा) सगळ्या वाद्यांच्या एकत्र ताकदीवर काम करत असतात. एकटा बेस सोलो करून बाउन्स केलात (म्हणजे ऑडिओ फाइल छापलीत) की लिमिटरला दाबायला काही नसतंच, तो बेस न दाबता बाहेर येतो, तसंच प्रत्येक स्टेमचं, आणि मग सातही एकत्र लावले की ते तुमचं गाणं नसतं, जास्त मोठं, ढोलकी उडणारी, काहीतरी तिसरंच. म्हणून लिमिटर बंद करा आणि स्टेम्स लिमिटर काढलेल्या मिक्सशी जुळतील असे द्या. बस कॉम्प्रेसर हा तुमच्या आवाजाचाच भाग असेल, तो काढला की गाणं सैल पडत असेल, तर त्याला साइडचेनमधून (एका सिग्नलच्या चढ-उतारावर दुसरा दाबायची वाट) पूर्ण मिक्स खायला घालून स्टेम्स छापता येतात, थोडी खटपट आहे पण होतं. आवाजाच्या मोठेपणाची इथे कुणाला गरज नाही, सहा डीबी जागा मोकळी राहिली तर मिक्सर खूशच होईल.

दुसरी, साइडचेन. पॅड ढोलकीच्या धुम्मवर दबतोय असं केलेलं असेल तर पॅड सोलो केल्यावर दबायचं थांबतं. ढोलकीचा आवाज म्यूट करा पण तिचा सिग्नल साइडचेनला जात राहील असं राउटिंग ठेवा.

तिसरी, रिव्हर्ब. सगळ्यांचा एकच हॉल रिव्हर्ब असेल तर त्याचा वेगळा स्टेम देऊ नका, प्रत्येक गट त्याच्या त्याच्या रिव्हर्बसकट छापा. कारण मिक्सरने बासरी म्यूट केली आणि रिव्हर्बच्या स्टेममधे बासरीचं भूत राहिलं तर काही उपयोग नाही. फक्त मुख्य आवाजाचं एक कोरडं व्हर्जन जास्तीचं द्यायला हरकत नाही, पात्र गातंय असं दाखवायचं असेल तर त्या खोलीचा रिव्हर्ब ते लावतात.

चौथी, सुरुवात. सातही फाइली एकाच बिंदूपासून सुरू झाल्या पाहिजेत आणि एकाच लांबीच्या पाहिजेत, बासरी भले पहिल्या अंतऱ्यात येत असेल, तिच्या फाइलमधे तोपर्यंतची शांतता पण द्यायची. शेवटी रिव्हर्ब पूर्ण मरेपर्यंत थांबा. काही वर्षांपूर्वी एका कामात माझ्याकडे सारंगीची फाइल शांतता कापून आली, असिस्टंटने अंदाजाने लावली, एक मात्रा पुढे. तालात बसत होती म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि एपिसोड तसाच गेला. संगीतकाराने घरी टीव्हीवर ऐकलं. त्याचा फोन आला तेव्हा मला काय बोलावं सुचेना, कारण माझ्याही कानांवरून ते गेलं होतं. तेव्हापासून संदर्भाचं पूर्ण मिक्स शेजारी लावल्याशिवाय मी एकही स्टेम सेशनमधे घेत नाही.

पाचवी, सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने. चित्रासोबतचं काम ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह, हे ठरलेलं. तुमचं सेशन ४४.१ मधे असेल तर ते तसंच राहू द्या, एक्स्पोर्ट करताना सॉफ्टवेअरला नीट कन्व्हर्ट करायला सांगा. सेशनची सेटिंग नुसती बदलून फाइली ४८ म्हणून वाजवल्या तर गाणं सुमारे नऊ टक्के जलद पळतं आणि सूर जवळजवळ दीड सेमिटोन चढतो, काळी चारमधली तुमची गायिका पांढरी सहा आणि काळी पाचच्या मधे कुठेतरी लटकते. एमपीथ्री अजिबात नको, त्यात फाइलच्या सुरुवातीला थोडी शांतता घुसते आणि दाबताना प्रत्येक स्टेमचं वेगवेगळं काहीतरी फेकलं जातं. मोनो वाद्यं पण स्टिरिओ फाइलमधेच द्या, नाहीतर दुसऱ्या सॉफ्टवेअरचा पॅन लॉ (डावी-उजवीकडे वाटताना लेव्हल किती धरायची तो नियम) वेगळा निघाला की बेसची लेव्हल बदलते. फाइलची नावं इंग्रजी अक्षरांत, गाण्याचं नाव, बीपीएम आणि स्टेमचं नाव एवढंच, देवनागरी नावांची कुठल्या कुठल्या सर्व्हरवर वाट लागते. आकाराची काळजी करू नका, ४८/२४ स्टिरिओ म्हणजे मिनिटाला साधारण १७ एमबी, चार मिनिटांच्या गाण्याचे सात स्टेम्स आणि मिक्सेस मिळून पाऊण जीबीच्या आतबाहेर.

हे सगळं झालं की तपासणी. नवीन रिकामं सेशन उघडा, सात स्टेम्स लावा, फेडर शून्यावर, आणि लिमिटर काढलेलं पूर्ण मिक्स शेजारी लावून त्याची फेज उलटी करा, म्हणजे लाट उलटी होते आणि दोन्ही सारखे असतील तर एकमेकांना खोडतात. प्ले करा. शांतता आली तर स्टेम्स बरोबर. काहीतरी हलकंसं कुजबुजल्यासारखं राहिलं तर तो कोरस इफेक्ट किंवा हलणाऱ्या रिव्हर्बचा भाग असतो, दर वेळी थोडा वेगळा वाजतो, ते चालतं. पण त्यात ढोलकी स्पष्ट ऐकू आली तर कुठेतरी लेव्हल चुकलीये, परत जा.

आता भीतीचं. गाणं फोडून वापरतील हे अगदी खोटं नाही, माझ्याच एका क्लायंटच्या बाबतीत झालंय. आम्ही एका निर्मिती संस्थेला स्टेम्स दिले होते एका सीनसाठी, आणि पुढच्या तीन एपिसोडमधे नुसती सारंगी त्या बाईच्या पात्राची थीम म्हणून वाजत राहिली, कुठे एक सेकंदाची तान, कुठे चार सुरांचा तुकडा. भांडायला गेलो तेव्हा कळलं की लायसन्सच्या कागदात 'ट्रॅक व त्यातील घटक' असं लिहिलं होतं आणि सीनऐवजी 'सिरीज' होतं. सही आम्हीच केलेली. चोरी झाली नव्हती, आम्ही देऊन बसलो होतो. म्हणून सांगतो, धोका स्टेम्समधे नसतो, शब्दांत असतो.

तुमच्या कागदात काय पाहिजे. कुठल्या सिरीजचा कुठला एपिसोड आणि सीन, जास्तीत जास्त किती सेकंद, कुठल्या प्रदेशात, किती वर्षं, ट्रेलर-प्रोमोत चालणार का नाही. हे पहिलं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात मुदत लिहिलीच नाही तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नाही तर भारत असं धरतात, आणि कलम ३०अ मुळे कलम १९ मधले हे नियम लायसन्सलाही लागू होतात, पण वेब सिरीजवाले जगभरासाठी आणि कायमसाठी मागतातच, तेव्हा जे द्यायचंय ते जाणून द्या. दुसरं म्हणजे स्टेम्सचं वेगळं कलम, माझं साधारण असं असतं: हे स्टेम्स फक्त वरील सीनचं ध्वनिमिश्रण आणि त्याच्या डब आवृत्त्यांसाठी दिले आहेत, मूळ गाणं ओळखू येईल असंच वापरायचं, एखादा स्टेम एकटा स्वतंत्र संगीत म्हणून वापरायचा नाही, रीमिक्स करायचं नाही, नवीन आवाज किंवा वाद्य भरायचं नाही, दुसऱ्या कुणाला द्यायचे नाहीत, एआय मॉडेल शिकवायला वापरायचे नाहीत, काम झाल्यावर काढून टाकायचे. "एकटा वापरायचा नाही" यावर ते कधीकधी घासाघीस करतात कारण सीनमधे एखादा क्षण नुसत्या बासरीवर हवा असतो. ते मला रास्त वाटतं, त्याच सीनमधे असेल तर मी हो म्हणतो. रचनेची नव्याने मांडणी करणं हा कायद्याने वेगळाच हक्क आहे, तो लायसन्समधे आपोआप येत नाही हे लक्षात ठेवा. आणि कलम ५७ मधे कृतीची मोडतोड करून तुमच्या नावाला बाधा आणली तर दाद मागायचा हक्क तुमच्याकडे राहतोच, पण त्याच्या भरवशावर ढिला कागद करू नका, कोर्टात जायला कुणाला परवडतंय. कागद एकदा या विषयातल्या वकिलाला दाखवा, तेवढा खर्च करा.

त्याआधी स्टेम्स द्यायचा हक्क तुमचा आहे का हेही बघा. गाणं लेबलमार्फत रिलीज केलं असेल तर रेकॉर्डिंगचे हक्क बहुधा त्यांच्याकडे, मग रचनेची परवानगी वेगळी आणि मास्टरची, म्हणजे रेकॉर्डिंगची, वेगळी. गायिका आणि बासरीवाल्याकडून लिहून घेतलंय का? नसेल तर आज घ्या, त्यांचा आवाज आता एकटा वेगळ्या फाइलमधे परक्या माणसाकडे जाणार आहे, त्यांना विचारणं हा साधा माणुसकीचा पण भाग आहे. मी तर त्यांना सांगतो सुद्धा की अमुक सीन आहे, असा वाजेल. आणि सॅम्पल लायब्ररीतला तयार लूप (परत परत वाजणारा तुकडा) वापरला असेल तर तिचं लायसन्स वाचा. बऱ्याच सॅम्पल लायब्ररींमधे गाण्यात वापरायला परवानगी असते पण लूप सुटा करून पुढे द्यायला मनाई असते, आणि स्टेममधे तो लूप एकटाच बसला असेल तर तेच झालं. असा लूप दुसऱ्या वाजवलेल्या वाद्यांबरोबर एकाच स्टेममधे घाला. गाणं डिस्ट्रिब्युटरकडून युट्यूबच्या कंटेंट आयडीत (गाणं ओळखून क्लेम लावणारी यंत्रणा) टाकलं असेल तर त्यांचे चॅनल आधीच वगळून ठेवा, नाहीतर सिरीजच्या क्लिपवर तुमच्याच गाण्याचा क्लेम बसतो.

मित्र असंही म्हणेल की आता सॉफ्टवेअर गाण्यातून वाद्यं वेगळी काढतंच, मग आपण कशाला द्यायचे. याच कारणासाठी तर द्यायचे. २०१९ मधे डीझर या स्ट्रीमिंग कंपनीने स्प्लीटर खुलं केलं, त्याच सुमारास फेसबुकच्या संशोधकांचं डेमक्स आलं, तेव्हापासून कुणीही तुमचं रिलीज झालेलं गाणं फोडू शकतो, स्टेम्स अडवून ती वाट बंद होत नाही. पण ती सॉफ्टवेअरं मुळात चार खाने करतात, आवाज, ड्रम्स, बेस आणि बाकी सगळं. आपल्या वाद्यांचं त्यात काय होतं ते मी कितीदा ऐकलंय, ढोलकीचा धुम्म बेसच्या खान्यात, तिचीच चाट ड्रम्सच्या, बासरीची मींड मधेच आवाजाच्या खान्यात उडी मारते, वर पाण्यातून आल्यासारखा खरखराट. तुम्ही स्टेम्स नाही दिले तर घाईत असलेला कुणीतरी हेच करून वापरेल आणि त्या स्थितीत तुमचं गाणं लोकांपर्यंत जाईल. किंवा सरळ दुसरं गाणं घेतील, ते जास्त वेळा होतं.

पैशाचं सांगायचं तर स्टेम्स हा लायसन्सच्या डिलिव्हरीचाच भाग धरतात, त्याचे वेगळे पैसे मागितले तर अवघडल्यासारखं होतं. पण आधी ठरलेलं नसताना आता सेशन नव्याने उभं करायला स्टुडिओचा दिवस जाणार असेल तर तो खर्च मोकळेपणाने मागा, समंजस लोक देतात. मल्टिट्रॅक मागितले, किंवा ट्रेलरसाठी वेगळं कापायचं म्हणाले, तर ते नवीन लायसन्स, नवीन रक्कम.

क्यू शीटवर (कुठलं संगीत कुठे वाजलं त्याची यादी) तुमचं, गीतकाराचं नाव बरोबर लिहिलंय ना ते स्टेम्स पाठवतानाच विचारा, आणि आयपीआरएसचे (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासद नसाल तर व्हा. प्रसारणाची रॉयल्टी येते ती त्या कागदावरून, स्टेम्सचे तुकडे करून वापरले तरी क्यू गाण्याच्याच नावाने लागला पाहिजे.

राहिलं तुमचं जुनं सेशन. चार प्लगइन सापडत नाहीत म्हणताय, ते कुठल्या ट्रॅकवर आहेत ते आधी बघा. पॅडचा सिंथ गेला असेल आणि त्याचा ऑडिओ कधी छापला नसेल तर तो सूर परत मिळणार नाही, जवळचा शोधून मूळ मिक्सशी ताडून लावावा लागेल, आणि तसं केलंय हे सुपरवायझरला सांगून टाका, लपवू नका. इक्यू, कॉम्प्रेसर गेले असतील तर दुसऱ्याने जवळपास जाता येतं, फेज उलटी करून किती जुळतंय ते ऐकत ऐकत. जुना लॅपटॉप घरात असेल तर आधी तोच चालू करून बघा, नेटला जोडू नका, अपडेट मागेल त्याला नाही म्हणा आणि तिथूनच बाउन्स करा. माझे स्वतःचे दोन प्रोजेक्ट असे वाचलेत. आणि यापुढे मिक्स ओके झालं की त्याच संध्याकाळी स्टेम्स, इन्स्ट्रुमेंटल आणि लिमिटर काढलेलं मिक्स छापून दोन वेगळ्या डिस्कवर ठेवायचं. अर्धा तास लागतो. पूर्वी स्टुडिओत सगळे वादक एकत्र बसून थेट मोनोवर गाणी घेतली जायची, त्या काळच्या रेकॉर्डिंगचे भाग मागायची सोयच नाही, मुळात वेगळे कधी नव्हतेच. आपल्याकडे वेगळे आहेत आणि केवळ न छापल्यामुळे हरवतात याचं मला फार वाईट वाटतं.

एक शंका तुम्ही विचारली नाही पण येईल. तुमचं पुढचं काम बैठकीत एकत्र वाजवून घेतलेलं असेल, गायकाच्या माइकमधे तबला आणि तबल्याच्या माइकमधे हार्मोनियम, तर त्याचे शुद्ध स्टेम्स होत नाहीत. तिथे ओढूनताणून वेगळं करू नका. असं सांगा की एका खोलीत एकत्र वाजवलंय, पूर्ण मिक्स मिळेल आणि हवं तर गायक तीन डीबी खाली असलेलं दुसरं मिक्स मिळेल. मी अशी दोन-दोन मिक्सेस दिलीत आणि त्यांनी आनंदाने घेतलीत.

आता या आठवड्यात तुम्ही त्यांना एवढंच कळवा की स्टेम्स देतो, सात असतील, ४८/२४ मधे, कागदात स्टेम्सचं कलम घालून सही झाली की लिंक पाठवतो. तोवर बाउन्स करून ठेवा. फेज उलटी करून बघितल्यावर ढोलकी ऐकू येत राहिली आणि कुठे चुकतंय कळलं नाही तर राउटिंगचा स्क्रीनशॉट पाठवा, मी बघून सांगतो.